चांदीवर चढलेले रंग

मॉर्गन डॉलर हे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं. त्यातलं एखादं रंगीत नाणं कडांना धरून दिव्याखाली हळूहळू कलतं केलं, तर स्वातंत्र्यदेवतेच्या गालावर फिकट पिवळा दिसतो, केसांपाशी तो केशरी होतो, पुढे किरमिजी, जांभळा आणि अगदी कडेला गडद निळा. कोन बदलला की निम्मे रंग मावळतात. यात रंगद्रव्य कणभरही नाही. हवेतला किंवा कागद-कापडातला गंधक चांदीला लागतो आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी पातळ असतो. थराच्या वरून परतणारा प्रकाश आणि खालच्या चांदीवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळले की काही रंग उठतात, काही पुसले जातात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात ते रंग याच नियमाने. आपण ज्याला चांदी काळी पडली म्हणतो, त्याचाच हा पहिला, संथ टप्पा.

म्हणूनच रंगांना क्रम असतो. थर वाढत जातो तसा पिवळा, केशरी, किरमिजी, निळा. पुढे वाढला तर पुन्हा पिवळा, आणि दुसऱ्या फेरीत हिरवाही. जाणकार नाणं हातात घेतो तेव्हा आधी हा क्रम वाचतो.

जगात चांदीची नाणी अनंत, मग हे रंग मॉर्गन डॉलरवरच इतके का फुलले? उत्तर तिजोरीत आहे. १८७८च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी सरकारला दरमहा किमान २० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडणं बंधनकारक झालं. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतल्या जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कोरक्याने नाण्याची रचना केली. २६.७३ ग्रॅम वजन, ९० टक्के चांदी, बाकी तांबं. एवढं जड नाणं खिशात बाळगायला लोक फारसे राजी नव्हते. त्यामुळे हजार-हजार नाण्यांच्या कापडी थैल्या शिवल्या गेल्या आणि तळघरांत थप्प्या लागल्या. काही थैल्या साठ-सत्तर वर्षं हलल्या नाहीत.

थैलीच्या आत जे घडलं ते नाण्यावर लिहिलेलं दिसतं. कापडाला टेकलेली बाजू रंगली, शेजारच्या नाण्याला टेकलेली पांढरी राहिली. दुसरं नाणं अर्धवट वर आलेलं असेल तर त्याची गोलाई कोरीच राहते, आणि रंगाच्या मधोमध स्वच्छ चंद्रकोर उमटते. काही नाण्यांवर तर कापडाची वीणच उतरलेली असते. भिंगातून पाहिलं की उभे-आडवे धागे मोजता येतात. मला सगळ्यांत मोलाची वाटतात ती हीच नाणी. त्यांचा रंग नुसता सुंदर नाही, तो साक्ष देतो.

यातल्या कितीतरी थैल्या मात्र उघडल्या गेल्या त्या वितळवण्यासाठीच, आणि इथे या कथेत मुंबई येते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सैन्य आणि माल प्रचंड प्रमाणात गेला, त्याचे पैसे द्यायला सरकारकडे चांदीचे रुपये पुरेनात. १९१८च्या उन्हाळ्यात लोक कागदी नोटा परत करून रोख रुपया मागू लागले. नोटेवरचा विश्वास ढासळला असता तर ब्रिटिशांची युद्धाची घडीच विस्कटली असती. एप्रिलमध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला, २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले आणि त्यातल्या सुमारे २६ कोटींची चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींत पंचम जॉर्जचे रुपये पडले. हिशेब केला तर एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये बसतात.

वितळण्यातून वाचलेल्या थैल्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हळूहळू बाहेर येत राहिल्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा १९०३चा डॉलर, जो तोवर दुर्मिळ मानला जाई, थैल्याच्या थैल्या भरून निघाला आणि लोकांनी बँकांपुढे रांगा लावल्या. मार्च १९६४ मध्ये सरकारने नाणी देणं थांबवलं. उरलेली सुमारे २९ लाख, बहुतेक कार्सन सिटीच्या टाकसाळीतली, १९७२ ते १९८० या काळात टपालाने विकली गेली. त्या काळी रंगलेलं नाणं डागाळलेलं समजून धुऊन टाकणारे कमी नव्हते. आज तशाच साध्या सालाच्या नाण्याला, रंग उत्तम असेल तर, पांढऱ्या नाण्याच्या कित्येक पट भाव मिळतो.

भाव आला तशी नक्कलही आली. नाणी भट्टीत भाजली जातात, गंधकाच्या रसायनात बुडवली जातात. असे रंग क्रम सोडून येतात, अक्षरांवरून आणि खाचांवरून एकसारखे वाहतात. खऱ्या रंगात उठावदार अक्षरांभोवती बारीक फिकट किनार सुटलेली असते. आणि नाणं फिरवलं की झळाळीचे दोन पट्टे रंगाखालूनही त्याच्याबरोबर फिरत राहतात. रंग झळाळीला झाकत असेल तर संशय घ्यावा. १९८६-८७ मध्ये सुरू झालेल्या पीसीजीएस आणि एनजीसी या प्रतवारी कंपन्या संशयित रंगाच्या नाण्याला सरळ दर्जा देत नाहीत, आणि हे योग्यच आहे.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला मांडलेला बंदा रुपया दर दिवाळीला चिंच किंवा राखेने लख्ख घासला जातो. श्रद्धा म्हणून ते ठीक, पण प्रत्येक घासण्यात चांदीचा वरचा पापुद्रा जातो आणि टाकसाळीची झळाळी कायमची मरते. घरात १९१८चा रुपया असेल तर मागल्या बाजूला तळच्या कमळाखाली पाहा. तिथे ठिपका असेल तर तो मुंबईचा. त्यावर कुठे पिवळी-निळसर झाक असेल, तर पूजेला दुसरं नाणं घ्या आणि हे कडांना धरून, मऊ पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवा.