एक्सल बसला, पण फेरे मोजलेत का?

जुन्या जीपवाल्यांची एक समजूत पक्की असते : कुठल्याही जीपचा पुढचा एक्सल कुठल्याही जीपला बसतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. तिथे ही समजूत घेऊन गिऱ्हाईक येतं आणि मागून टेम्पोत भंगारातला एक्सल येतो.

समजुतीत तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हजारो जीप हव्या होत्या, आणि एकीचा भाग दुसरीला लागायला हवा होता. विलीजने एमबी बनवली, फोर्डने जीपीडब्ल्यू. फोर्डने बोल्टच्या डोक्यावरसुद्धा आपलं ‘एफ’ अक्षर उठवलं, पण मापं तीच ठेवली. युद्धानंतर हीच मांडणी विलीजच्या सीजे मालिकेत उतरली. त्यातली सीजे-३बी पुढे महिंद्राने आपल्याकडे बनवली. एमबी काय, सुरुवातीच्या सीजे काय, पुढे स्पायसर २५ हाच एक्सल. त्यामुळे पाट्यांवर ठेवला, यू-बोल्ट आवळले की तो बसतो.

फरक आत आहे. एमबीच्या क्राउनला, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाला, ३९ दात आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला ८, म्हणजे गुणोत्तर ४.८८. सुरुवातीच्या नागरी सीजेला नांगर-ट्रॉली ओढायची होती, म्हणून तिला ४३ आणि ८ दात दिले, गुणोत्तर ५.३८. हाउसिंग बाहेरून बघून हे कळत नाही.

मागच्या पावसाळ्याआधी गगनबावड्याकडचा एक तरुण शेतकरी आला. त्याच्या सीजे-३बीचं पुढचं हाउसिंग ओढ्यात आदळून वाकलं होतं. बदली म्हणून त्याने एमबीचा एक्सल मिळवला होता.

“मामा, सगळी भोकं जुळतात. मापून बघितलंय.”

“शाफ्टचे फेरे मोजलेस का?”

मोजायला मीटर लागत नाही. एक्सल घोड्यांवर ठेवायचा. एक चाक सोबत्याने घट्ट धरायचं आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं, म्हणजे आतलं क्राउन एक फेरा फिरतं. पिनियनच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडतात तिथे, खडूची खूण करून तिचे फेरे मोजायचे. पाचाला थोडे कमी भरले, तर ४.८८. पाच होऊन वर आणखी तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिरला, तर ५.३८. त्याच्या एक्सलची खूण पाच फेरे पुरे व्हायच्या आधीच थांबली.

असा एक्सल लावला तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये वर्षभर काही जाणवणार नाही. फोर-व्हील टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मग मागची चाकं शंभर फेरे घेतील तेवढ्यात पुढची एकशेदहा घ्यायला बघतात. चिखलात चाकं घसरून तो फरक निघून जातो. डांबरावर तो टायर खरवडतो, शाफ्टला पीळ भरतो, लिव्हर अडकतो आणि शेवटी ट्रान्सफर केसचे दात जातात. घाटात असं झालं, तर नुसता गिअर जाऊन भागत नाही.

त्याच्या जुन्या हाउसिंगमधलं क्राउन-पिनियन धड होतं. ती जोडी आम्ही एमबीच्या हाउसिंगमध्ये बसवली. जोडी म्हणतो ते मुद्दाम. क्राउन एकाचं आणि पिनियन दुसऱ्याचं कधी लावू नये. दोघं घासून एकमेकांचे झालेले असतात. शिम घालून दातांमधली फट जमवली, निळा रंग लावून दात कुठे टेकतात ते पाहिलं.

मग किंगपिन, ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं. या एक्सलमध्ये किंगपिनला वर-खाली टेपर बेअरिंगं असतात. तिथे ढिलाई राहिली की खड्ड्यावरून जाताना स्टीअरिंग हाताला झटके देतं. शिम कमी-जास्त करून, काट्याने ओढून बघितलं. एक्सल पाट्यांवर किती कललाय तेही तपासावं लागतं. कल कमी पडला तर वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालून तो सुधारतो. शेवटचं पण महत्त्वाचं : जुन्या जीपला डाव्या बाजूच्या चाकाचे नट उलट्या आट्याचे असतात. नवखा पोरगा पान्याला पाईप लावून जोर करतो आणि स्टड मोडतो.

हे सगळं मी हौसेपोटी सांगत नाही. या गाड्या अजून शेतात, घाटात, वरातीत पळतात त्या अशा अदलाबदलीवरच. जुने भाग भंगारात अजून सापडतात, आणि वितळून जाण्यापेक्षा ते दुसऱ्या गाडीखाली गेलेले केव्हाही चांगले. पण त्या गाडीत माणसं बसणार आहेत, याचं भान आवळणाऱ्या हाताला हवं.

म्हणून एक्सल बदलला की मी हाउसिंगवर पंचाने आकडा ठोकतो : ५.३८. तुमच्या मिस्त्रीलाही तो ठोकायला सांगा. गाडी विकाल तेव्हा कुठला भाग कुठून आणला, ते घेणाऱ्याला कागदावर लिहून द्या. पुढचा मिस्त्री कोण असेल ते आपल्याला माहीत नसतं; त्याला अंदाज करायला लावू नये.