इतके दिवस थांबले कशाला?

परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डिसेंबर २०१७ मध्ये सयामी जुळ्या भावांना वेगळं करण्यात आलं. शस्त्रक्रिया जवळपास १२ तास चालली आणि कौतुक झालं ते त्या १२ तासांचं. पण मुलांना तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. ‘इतके दिवस थांबले कशाला?’ हे आमच्या फणसवाडीतही लोक विचारत होते. त्यांना नीट उत्तर मिळायला हवं.

बाळं जुळलेली आहेत हे गरोदरपणातच, अनेकदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सोनोग्राफीत दिसतं. कोणता अवयव कोणाच्या वाट्याचा, हे शोधायला मात्र महिने लागतात. छाती जुळलेली असेल तर आधी टूडी इको. हृदयाचं नुसतं आवरण एक असेल तर सोडवता येतं. कप्पेच एकमेकांत मिसळलेले असतील तर दोघांनाही वाचवणं जवळजवळ अशक्य.

मग सीटी अँजिओग्राफी. स्कॅनमध्ये दिसणारं कॉन्ट्रास्ट द्रव्य आधी एकाच बाळाच्या शिरेत सोडतात आणि दुसऱ्याच्या अंगात ते किती उतरतं, ते पडद्यावर पाहतात. रक्त असं इकडून तिकडे फिरत असेल, तर एकाला दिलेली भूल दुसऱ्यालाही चढते. म्हणून प्रत्येक बाळाला स्वतंत्र भूलतज्ज्ञ, आणि डोसाचा हिशेब मात्र दोघांचा मिळून.

वाडियातल्या भावांचं यकृत, आतडं आणि मूत्राशय जोडलेलं होतं. यकृत विभागता येतं, ते पुन्हा वाढतंही. खरी अडचण पित्तनलिकेची. ती एकच निघाली तर दोन बिऱ्हाडांत एक नळ अशी गत. एकाला ती ठेवून दुसऱ्यासाठी आतड्यातून नवी वाट काढावी लागते. कमरेशी जुळलेल्या बाळांत मूत्रमार्ग, गुदद्वार, मज्जारज्जू तपासायचे.

कातडीचा विचार बाहेरच्यांच्या मनातही येत नाही. बाळं वेगळी झाली की दोन मोठ्या जखमा उघड्या पडतात आणि झाकायला त्वचा पुरत नाही. म्हणून काही आठवडे आधी त्वचेखाली सिलिकॉनचे फुगे बसवून त्यांत थोडं थोडं सलाइन भरत जातात. वरची कातडी ताणून वाढते. दरम्यान बाळांचं वजनही वाढतं. जन्मल्याबरोबर घाईने करावी लागलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा अशा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत बाळं वाचण्याची शक्यता पुष्कळच जास्त असते.

कधी मात्र साऱ्या तपासण्यांचा निष्कर्ष ‘वेगळं करू नये’ असाच निघतो. तो आईवडिलांना सांगायचं काम एकट्या सर्जनवर टाकू नये. समुपदेशक पहिल्या सोनोग्राफीपासून त्यांच्यासोबत हवा.