बाटली आडवी झाली, पुढे?

२०१७ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या वॉर्डातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं म्हणून बायकांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं. उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू दे असं वाटणारीनं उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, नको असेल तिनं आडव्या. पण नुसती जास्त मतं पडून भागत नव्हतं. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यायला हवं होतं. म्हणजे जी बाई घरात बसून राहिली, तिचं मत आपोआप दुकानदाराच्या पारड्यात! म्हणून महिनाभर आम्ही दहा-बाराजणी दारोदार फिरलो. यादीत नाव आहे का, ओळखपत्र कुठंय, तान्हं बाळ असेल तर मतदानापुरतं कोण सांभाळेल, सगळं पाहिलं. आणि जिंकलो. गुलाल उधळला, फुगड्या घातल्या. पेपरात फोटो आला. त्यात सगळ्यात पुढे मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहेरी पेढे घेऊन गेले. माहेर गावातच, दहा मिनिटांवर. वहिनीनं पेढा देवापुढे ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "वन्सं, दुकान बंद केलंत, फार चांगलं केलंत. पण हे काल शेजारच्या गावाला जाऊन पिऊन आले. येताना गाडी घसरली. आता रोज तेवढ्या लांब जाणार का हो?"

मैत्रिणींनो, मी काय बोलणार? ज्या बाईचा फोटो पेपरात आला होता, तिचा सख्खा भाऊ पंधरा वर्षं पीत होता. आणि ही गोष्ट मी मंडळातल्या एकाही बाईला सांगितलेली नव्हती.

आम्ही सगळ्यांनी मिळून लपवलं

दादा सरकारी कचेरीत कारकून. हुशार, गाणं छान म्हणणारा. आधी लग्नावरातीत, मग शनिवारी, मग रोज. आम्ही घरच्यांनी काय केलं? आईनं शेजाऱ्यांना सांगितलं, "त्याला पित्ताचा त्रास आहे." वहिनी सकाळी कचेरीत फोन करायची, "यांना ताप आहे, आज येत नाहीत." पतसंस्थेचा हप्ता थकला तेव्हा माझ्या भिशीचे वीस हजार मी गुपचूप नेऊन भरले. प्रत्येकीला वाटायचं, आपण घर सावरतोय. प्रत्यक्षात दारूमुळे जे जे त्याच्या अंगावर यायला हवं होतं, ते सगळं आम्ही आमच्या अंगावर घेत होतो. त्याला पिणं सोपं जात होतं.

उपायही थोडे नाही केले. शपथा झाल्या, नवस झाले. आईनं कुठूनशी एक पुडी आणली, "न सांगता जेवणात कालवा, दारू सुटेल." भिंतीवर अशा जाहिराती तुम्हीही वाचल्या असतील. वहिनीनं वरणात कालवली. दादा त्या संध्याकाळी पिऊन आला आणि तासाभरात चेहरा लालबुंद, छाती धडधडतेय, ओकाऱ्या थांबेनात. दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी आम्हाला फैलावर घेतलं. त्या पुडीत काय होतं देव जाणे, पण त्यांनी सांगितलेलं मी विसरलेले नाही. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब एकदम उतरू शकतो, जिवावरही बेतू शकतं. असं औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचं असतं. चोरून कधीही नाही.

गाडी घसरल्यावर मात्र दादा घाबरला. त्यानं गळ्यात माळ घातली आणि त्या दिवसापासून एकदम बंद. आम्हाला केवढा आनंद! पण दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामानं कपडे भिजले. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागले. पहाटे फीट आली. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात दारू तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं आणि त्यात माणूस दगावूही शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला वाटतं, सोडली ना, सुटलो. पण अशी दारू सोडायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा शब्द वापरला, आजार. म्हणाले, "औषधानं मी थरथर थांबवीन. शरीरातली दारू आठवड्यात जाईल, डोक्यातली जायला वेळ लागेल. त्यासाठी त्याच्यासारखी माणसं लागतील." आणि एका चिठ्ठीवर जिल्ह्याच्या गावच्या एका शाळेचं नाव आणि रविवार संध्याकाळची वेळ लिहून दिली.

शाळेतल्या बाकांवर

दादा गेला नाही. "मी काय बेवडा आहे का?" असं म्हणून त्यानं चिठ्ठी फेकली. वहिनीनं ती उचलून डब्यात ठेवली. महिन्याभरात दादा पुन्हा प्यायला लागला. एका रविवारी वहिनी माझ्या दारात उभी. "वन्सं, हे येत नाहीत तर आपण जाऊन बघू या का?" घरच्यांना चालणारी खुली सभा असते, हे तिनं फोन करून विचारूनही घेतलं होतं.

एसटीनं गेलो. नगरपालिकेच्या शाळेचा वर्ग, चौथीच्या मुलांचे बाक, त्यावर अवघडून बसलेले पंधरा-वीस पुरुष आणि एका कोपऱ्यात तीन बायका. एकजण उभा राहिला, स्वतःचं नुसतं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाला, "मी दारुडा आहे." कुणी हसलं नाही. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. मुलीच्या फीचे पैसे कसे पिऊन टाकले. आईच्या तेराव्याला कसा गटारात पडला होता. आता सहा वर्षं झाली, घेतलेली नाही. "आणि उद्याचं मला माहीत नाही, आज घेणार नाही एवढंच." वहिनीनं माझा हात घट्ट धरला होता. तिला वाटत होतं, हा आपल्याच घरातलं सांगतोय.

ही अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सभा. सगळे 'एए' म्हणतात. तिची सुरुवात मला फार आवडते, म्हणून सांगते. १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन नावाचा गृहस्थ कामानिमित्त अ‍ॅक्रन या गावी गेला होता. पाच-सहा महिन्यांपूर्वीच त्यानं दारू सोडलेली. काम फसलं, परक्या गावात एकटा, आणि हॉटेलातल्या बारमधून हसण्याचे आवाज. त्याला वाटलं, आता मी पिणार. पण बारकडे न जाता तो फोनकडे वळला आणि बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळतो का, ते विचारत सुटला. त्याला भेटले डॉक्टर बॉब स्मिथ, स्वतः शल्यविशारद आणि स्वतःच दारूत बुडालेले. दोघं कितीतरी तास बोलले. डॉक्टर बॉब यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला, तोच एएचा जन्मदिवस धरतात. सांगायचं काय, तर डॉक्टरलाही डॉक्टरनं नाही, दुसऱ्या दारुड्यानं हात दिला. भारतात एएचं काम १९५७ पासून आहे आणि मराठीतूनही सभा होतात.

फी नाही, फॉर्म नाही, वर्गणीची सक्ती नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी एक थैली फिरते, ज्याला जमेल तो टाकतो, त्यातच चहा आणि जागेचं भाडं. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत. कोण आलं होतं, काय बोललं, ते बाहेर न्यायचं नाही. आपल्यासारख्या छोट्या गावात, जिथं दुपारची गोष्ट संध्याकाळपर्यंत वेशीपार जाते, तिथं या एका नियमाचं मोल किती!

वहिनीचं औषध

त्या कोपऱ्यातल्या तीन बायकांनी सभा संपल्यावर आम्हाला शेजारच्या वर्गात नेलं. त्यांची वेगळी बैठक होती. अ‍ॅल-अ‍ॅनॉन, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी. बिलची बायको लोइस हिनं आणि तिच्या एका मैत्रिणीनं १९५१ साली ही सुरू केली. नवरा सुधारला तरी आपण अजून धुमसतोच आहोत, हे लोइसच्या ध्यानात आलं होतं म्हणे. किशोरवयीन मुलांसाठीही अ‍ॅलटीन नावाचे गट असतात.

वहिनीला तिथं कुणी "तूच जरा गोड बोलून बघ" असं सांगितलं नाही. हे वाक्य तिनं पंधरा वर्षं ऐकलं होतं, माझ्याही तोंडून. तिथल्या एक पोक्त बाई म्हणाल्या, "बाई गं, त्याची दारू तुझ्यामुळे लागली नाही. ती तुझ्या ताब्यात नाही. तू ती बरीही करू शकत नाहीस. तू तुझं बघ." वहिनी तिथं जे रडली, ते माझ्या आईच्या मांडीवर कधी रडली नव्हती.

त्यानंतर घरात भांडण न होताच काही गोष्टी बदलल्या. दादा प्यायलेला असताना वहिनी वाद घालेनाशी झाली. बोलायचं ते सकाळी, शुद्धीत. कचेरीत खोटा फोन बंद. त्याची उधारी फेडणं बंद. मीही कानाला खडा लावला. आईला हे निर्दय वाटलं. "नवऱ्याची नोकरी घालवणार ही," असं ती बोललीही. दोन महिन्यांत दादाला कचेरीतून मेमो आला. तो कागद हातात घेऊन दादा ओसरीवर बसला होता. वहिनीनं चहा दिला आणि डब्यातली ती जुनी चिठ्ठी शेजारी ठेवली. बोलली काहीच नाही. त्या रविवारी दादा एसटीत बसला.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. हे सगळं जिथं हात उगारला जात नाही, त्या घरासाठी. मारहाण असेल तर आधी स्वतःचा आणि लेकरांचा जीव. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आपल्याच साठी आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ आणि ११२ हे नंबर आहेत. 'आजारी माणूस आहे' म्हणून मार खात राहणं हे कुठल्याच गटात शिकवत नाहीत.

घसरणं आणि पुन्हा उठणं

सिनेमा असता तर इथं संपला असता. दादा सात महिने कोरडा राहिला आणि २०१८ च्या गणपतीत, विसर्जनाच्या मिरवणुकीत, पुन्हा प्यायला. पंधरा दिवस सुटला नाही. मला इतका राग आला की मी माहेरी जाणं सोडलं. पण एएमधला त्याचा एक जुना सोबती, व्यवसायानं रिक्षावाला, तीन वेळा चाळीस किलोमीटर येऊन दारात बसून गेला. उपदेश नाही, टोमणा नाही. "मी चार वेळा घसरलोय. चल, रविवारी ये." मी सख्खी बहीण असून जे मला जमलं नाही, ते त्यानं केलं.

या वेळी दादा महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, मग पुन्हा सभांना. आपल्या महाराष्ट्रात या वाटेवर मोठं काम झालंय. पुण्याचं मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं. व्यसनी माणसाच्या बायकोलाही आधार हवा, हे तिथं फार लवकर ओळखलं गेलं. तिथला बायकांचा गट 'सहचरी' याच नावानं ओळखला जातो.

तुमच्या घरात असं काही असेल तर सुरुवात कुठून करायची? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. मनावरचा ताण असह्य झाला तर १४४१६ वर टेलिमानसचे समुपदेशक मराठीतही बोलतात. केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का, मारहाण, साखळदंड असला प्रकार नाही ना, हे आधी स्वतः जाऊन बघा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सभा मोबाइलवर सुरू झाल्या, त्यातल्या अजूनही चालतात. गावात गट नसलेल्यांना ती मोठीच सोय आहे.

२०१९ च्या पाडव्यापासून दादानं दारू घेतलेली नाही. पण तो असं म्हणत नाही. तो म्हणतो, "आज घेतलेली नाही."

आता आमच्या गावातही दर गुरुवारी सभा असते. सुरुवातीला दादा आणि गॅरेजवाला एक मुलगा, दोघंच. कितीतरी गुरुवार दोघंच एकमेकांना तीच गोष्ट सांगत बसले. आता आठ-दहाजण येतात. त्याच वेळी वहिनीच्या स्वयंपाकघरात चारजणी जमतात. त्यातली एक आमच्या मतदानाच्या मोहिमेत माझ्या खांद्याला खांदा लावून फिरलेली. तिच्याही घरात तेच होतं आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं. महिनाभर आम्ही दोघी शंभर दारं ठोठावत फिरलो, पण एकमेकींचं दार काही ठोठावलं नाही.

बाटली आडवी करायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. तो शिक्का मी पुन्हाही मारीन. पण दुकानाला कुलूप लागल्यावर घरी जाऊन आपल्याही तोंडाचं कुलूप काढायला हवं. पहिल्यांदा कुणाला सांगू, असं वाटत असेल, तर जिच्या घरात हेच घडून गेलंय अशी एखादी शोधा. ती तुम्हाला नावं ठेवणार नाही. आधी चहा टाकेल.