ऑर्डर रात्री, माल सकाळी

सकाळी साडेसहा. मेढ्यातलं गोडाऊन उघडलं की आधी मोबाइल बघतो. केळघर, करहर, कुसुंबीकडच्या किराणा दुकानदारांच्या ऑर्डरी रात्रीच आमच्या ॲपवर येऊन पडलेल्या असतात. फळीवर काय संपलं हे दुकानदाराला रात्री गल्ला मोजताना कळतं. पूर्वी सेल्समन मात्र भर गिऱ्हाइकात यायचा, मग घाईत निम्मं सांगायचं राहायचं.

सात. पोरं माल काढतात. ॲप बनवणाऱ्यांनी आधी फक्त पेटीच ठेवली होती. वाडीवरचा दुकानदार शाम्पूची पेटी घेत नाही, दोन लड्या घेतो. लडी टाकायला लावली, तेव्हा कुठे छोटी दुकानं ॲपवर आली.

नऊ. बिलं. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, साबण, केसांचं तेल यांचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला. दर एकाच जागी बदलायचा होता. त्यानंतरची सगळी बिलं बरोबर निघाली.

अकराला टेम्पो सुटतो. बामणोलीला माल उतरला की पुढे शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांना लाँचने जातो. जुलैच्या पावसात रेंज गेली की फोन लागेल तेव्हा ऑर्डर तोंडी घेऊन आम्हीच भरतो.

दुपारी दोन, उधारीची वेळ. मर्यादा संपली की ॲप ऑर्डर अडवतं. "भाऊ, पोराची फी भरली, सोमवारी टाकते," असा एखाद्या दुकानदार मावशींचा फोन येतो. "टाका मावशी, माल उद्या येईल," म्हणून मी अडवलेली ऑर्डर सोडतो. ही किल्ली मी माझ्याच हातात ठेवली आहे. वर्षानुवर्षं शब्द पाळणारं माणूस मशीनला कसं कळणार?

चारला कंपन्यांच्या स्कीम ॲपमध्ये भरतो. या धंद्यातला खरा बदल मला इथे दिसतो. बाराला एक फ्री असेल, तर ते एक पूर्वी मोठ्या दुकानापर्यंतच पोचायचं. डोंगरावरच्याला स्कीम आहे हेच ठाऊक नसायचं. बंगळुरूत 2016 साली सुरू झालेल्या 'उडान'सारख्या कंपन्यांनी घाऊक भाव मोबाइलवर आणला. आम्हा गावच्या होलसेलरांनीही तो उघडा ठेवलाच पाहिजे. चौकातल्या दुकानाला जो भाव, तोच वाडीला.

रात्री आठ. साठा जुळवतो. स्क्रीनवर नऊ पेट्या आणि थप्पीत आठ, असं असेल तर ती एक सापडेपर्यंत घरी जात नाही. नाहीतर नसलेल्या पेटीची ऑर्डर कोणीतरी टाकणार आणि त्याचं गिऱ्हाईक उद्या रिकाम्या हाती परत जाणार.