सेरामपूरची आग आणि मराठीचे छापखाने

विल्यम केरी (1761–1834) हे मूळचे इंग्लंडमधले जोडे शिवणारे कारागीर. लॅटिन, ग्रीक, हिब्रू ते स्वतःच्या मेहनतीने शिकले. बॅप्टिस्ट मिशनरी म्हणून 1793 च्या नोव्हेंबरात ते बायकामुलांसह कलकत्त्यात उतरले, तेव्हा गाठीला पैसा नव्हता आणि कंपनी सरकारला मिशनरी नको होते. मुदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यात नोकरी धरून त्यांनी संसार चालवला. तिथेच 1794 मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावला. पत्नी डोरोथी यांचे मन त्यानंतर ढासळत गेले आणि 1807 मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. त्या मुळात हिंदुस्थानात यायलाच राजी नव्हत्या. केरींच्या चिकाटीचा गौरव करताना तिची किंमत या बाईंनीही मोजली, हे विसरता येत नाही.

पहिली सात वर्षे एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही. 1800 मध्ये केरी डॅनिश अमलाखालील सेरामपूरला आले. तिथे त्या वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागले. पगाराचा बहुतेक भाग ते मिशनच्या सामाईक खर्चात टाकत. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्यांनी मराठी व्याकरण (1805) आणि कोश (1810) सिद्ध केला. कोशातले मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी छापले होते.

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी सेरामपूरच्या मिशनच्या छापखान्याला आग लागली. कागदाचे ढीग, अनेक लिप्यांचे खिळे आणि केरींची हस्तलिखिते जळाली; त्यांत संस्कृतशी ताडून पाहिलेल्या अनेक भाषांच्या मोठ्या कोशाचे बाडही होते. केरी त्या दिवशी कलकत्त्याला होते. दुसऱ्या दिवशी परतल्यावर त्यांनी राखेत फिरून पाहिले. छापखाना सांभाळणारे त्यांचे सहकारी विल्यम वॉर्ड यांना ढिगाऱ्यात अक्षरांचे पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले, वितळलेल्या खिळ्यांचा धातूही गोळा करता आला. छपाईची यंत्रे वाचली होती. काही दिवसांतच कारागीर शेजारच्या रिकाम्या गोदामात नवे खिळे ओतू लागले. केरींनी गेलेली भाषांतरे पुन्हा हाती घेतली. तो मोठा कोश मात्र कायमचा गेला.

आगीची बातमी इंग्लंडात पोहोचताच सुमारे दोन महिन्यांत नुकसान भरून निघेल एवढी वर्गणी जमली आणि केरींचे नाव घरोघर झाले. त्यांचे स्नेही अँड्र्यू फुलर यांना याच कीर्तीची भीती वाटली, आणि तसे त्यांनी सेरामपूरला स्पष्ट लिहून कळवले. ही भीती रास्त होती: हलाखीत टिकलेली नम्रता कौतुकात टिकतेच असे नाही. केरींची टिकली. ते पहाटेपासून पंडितांबरोबर बसत राहिले. मराठीत ‘सिंहासन बत्तिशी’ (1814), ‘हितोपदेश’ (1815) आणि रघूजी भोसल्यांची वंशावळी (1816) ही पुस्तके सेरामपूरहून निघाली, ती या आगीनंतरच.

9 जून 1834 रोजी केरी सेरामपूरला वारले. थडग्यावर नाव, जन्ममृत्यूच्या तारखा आणि आयझॅक वॉट्स यांच्या एका स्तोत्राच्या दोनच ओळी कोराव्यात, असे त्यांनी लिहून ठेवले होते.