उष्माघातानंतर डोक्याचा फोटो : कधी, कोणता, कशासाठी?



मे महिना आला की आपल्या चिचगड भागात तेंदूपान तोडाई सुरू होते. मी नर्स असताना अशाच हंगामात ऊन लागून बेशुद्ध झालेले एक दादा पाहिले. त्यांचा जीव वाचला. डोक्याचा सीटी स्कॅन 'नॉर्मल' आला, म्हणून घरचे निश्चिंत झाले. पण महिन्यानंतरही ते चालताना झोकांड्या खात, बोलताना जीभ जड होई. वस्तीत कुणी म्हणे, दारू पितो. कुणी म्हणे, बाहेरचं आहे, मांत्रिकाकडे न्या. दोन्ही खोटं होतं. उष्णतेने त्यांच्या मेंदूला इजा झाली होती.

शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाऊन माणूस बरळू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. आपल्या डोक्यात मागे, खालच्या बाजूला लहान मेंदू असतो. तोल सांभाळणे, पाऊल नीट टाकणे, शब्द स्पष्ट उच्चारणे ही त्याची कामे. त्यातल्या पर्किंजे नावाच्या पेशी उष्णतेपुढे फार नाजूक असतात. त्या मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

मग सीटी स्कॅनमध्ये हे का दिसले नाही? सीटी स्कॅन क्ष-किरणांचा असतो आणि काही मिनिटांत होतो. मेंदूत रक्तस्राव आहे का, मोठी सूज आहे का, हे त्यात कळते; म्हणून तो आधी काढतात. पण उष्णतेची बारीक इजा सुरुवातीला त्यात बहुधा दिसत नाही. एमआरआय चुंबकावर चालतो, वेळ जास्त लागतो, पण लहान मेंदूतले आणि मेंदूच्या आतल्या भागातले बदल त्यात जास्त स्पष्ट दिसतात. कधी पहिला एमआरआयही चांगला येतो आणि काही महिन्यांनी लहान मेंदू आक्रसलेला दिसतो. म्हणून फोटो चांगला आला तरी माणसाची चाल आणि बोलणे पाहत राहावे.

1995 मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेची मोठी लाट आली. तेथील 58 गंभीर रुग्णांच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश रुग्ण दवाखान्यातून सुटताना बरेच अधू झालेले होते. आपल्या राज्यात 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने 14 जणांचा बळी गेला. मेलेल्यांची बातमी होते. वाचून अधू झालेल्यांविषयी फारसे कुणी बोलत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : आधी थंड करा, फोटो नंतर. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा, जांघा यांवर बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. लगेच 108 वर फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका. आपला भाग मलेरियाचा आहे. मेंदूच्या मलेरियातही ताप आणि बेशुद्धी असते, म्हणून रक्ततपासणी करायला सांगा.

घरी आल्यावर रुग्णाला सरळ रेषेत चालायला लावा, स्वतःचे नाव-गाव बोलायला लावा, शर्टाची बटणे लावायला सांगा. अडखळत असेल तर गोंदिया किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकलमध्ये मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा आणि एमआरआयची गरज आहे का, हे विचारा. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर तो एमआरआयआधी सांगा. रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, ते आरोग्यमित्राला विचारा. सगळे रिपोर्ट जपून ठेवा. पुढे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ते दाखवता येतात.

एमआरआयने इजा भरून निघत नाही. पण तोल सांभाळण्याचा व्यायाम आणि बोलण्याचा सराव लवकर सुरू करता येतो. आणि घरच्या माणसाला दारुडा म्हणणाऱ्यांची तोंडे बंद होतात, हेही काही थोडे नाही.