कडू कवठाचं तेल

सह्याद्रीच्या सदाहरित रानात, ओढ्याच्या कडेला कडू कवठ हमखास दिसतं. मध्यम उंचीचं झाड, गर्द पानं आणि तपकिरी, मखमली लव असलेली चेंडूएवढी फळं. कठीण कवच फोडलं की गरात कोनदार बिया दाटीने बसलेल्या असतात. हिड्नोकार्पस पेन्टॅन्ड्रस हे त्याचं शास्त्रीय नाव. ते मूळचं फक्त पश्चिम घाटाचं.

या बियांच्या तेलाचा कुष्ठरोगावरचा उपयोग फार जुना. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्राकाठच्या 'तुवरक' वृक्षाचं वर्णन आहे, तो हाच मानला जातो. ब्रह्मदेशाकडचा त्याचा भाऊबंद म्हणजे चालमोगरा. कलकत्त्यातले डॉक्टर फ्रेडरिक मौआट यांनी १८५४ मध्ये त्याच्या तेलाकडे पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष वेधलं.

पण हे तेल रुग्णाच्या अंगात जायचं कसं? प्यायला दिलं तर मळमळ आणि उलट्या. सुईने टोचलं तर दाट तेल मुरायचं नाही, कातडीखाली गाठी धरायच्या.

हा पेच सोडवला हवाईमधल्या ॲलिस बॉल या तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ तरुणीने. तिथे कुष्ठरुग्णांना घरच्यांपासून तोडून मोलोकाई बेटावर धाडलं जाई. होनोलुलूच्या कालिही रुग्णालयातले डॉ. हॅरी हॉलमन यांनी बॉलची मदत मागितली. तिने तेलातल्या मेदाम्लांपासून इथाइल एस्टर तयार केले. ते पातळ होते, इंजेक्शनने देता येत आणि शरीरात मुरत. १९१६ च्या अखेरीस, चोविसाव्या वर्षी ती गेली. ती जिथे शिकवायची त्या हवाई कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी काम पुढे नेलं, प्रसिद्ध केलं, पण तिचं नाव घेतलं नाही. हा उघड अन्याय होता. १९२२ मध्ये हॉलमन यांनीच 'बॉल पद्धत' असा जाहीर उल्लेख केला, तरी त्या कॉलेजचं पुढे झालेल्या हवाई विद्यापीठाने आवारातल्या चालमोगऱ्याखाली तिच्या नावाचा फलक लावायला २००० साल उजाडलं.

या इंजेक्शनांनी अनेकांना घरी परतता आलं, मात्र सगळ्यांचाच गुण टिकला नाही. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि तेल मागे पडलं. आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि सरकारी आरोग्य केंद्रात हे उपचार मोफत मिळतात. अंगावर बधिर चट्टा दिसला तर तेल शोधत बसू नये, थेट तिथे जावं.

झाडाला रानात आजही गिऱ्हाईक आहे. 'तमिळ येओमन' या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. तमिळनाडूने २०१९ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला.